हळद आणि भडंग

आमच्या घरात दोन पक्षी आहेत आणि ते लव्हबर्ड नाहीत. हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा बोललोय की आता दारात पाहुणा दिसला की "या बसा" च्या आधी हेच तोंडातून बाहेर पडतं. ते बजरीगर आहेत, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. लव्हबर्ड वेगळे, ते आफ्रिकेकडचे, जाडजूड आणि आखूड शेपटीचे. पण आमच्या सांगलीत (सगळीकडेच असेल म्हणा) पिंजऱ्यात दोन रंगीत पक्षी दिसले की ते लव्हबर्ड, आणि दोन आहेत म्हणजे नवरा-बायको. विषय संपला.

चूक थोडी आमचीपण आहे. २०२० मध्ये लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर पोरीच्या हट्टापायी आणले, तर तिने पिवळ्या डोक्याच्या हिरव्याचं नाव ठेवलं हळद, आणि निळा सारखा अंग फुगवून बसतो म्हणून तो भडंग. सांगलीच्या पोरीला दुसरं काय सुचणार. पण हळद हे नाव ऐकल्याबरोबर लोकांनी त्याची बायको करून टाकली. आता दोघांच्याही चोचीच्या वरची नाकाची पट्टी चांगली निळीशार आहे, म्हणजे दोघंही नर, मादीची तपकिरी असते. पण ऐकतंय कोण! शेजारच्या काकू दर पंधरा दिवसांनी येतात, पिंजऱ्यात वाकून बघतात आणि आवाज बारीक करून विचारतात, "काय रे, काही गोड बातमी?" एकदा तर अंडी घालायला स्वतःच्या हाताने छोटं मडकं बांधून गेल्या. भडंगने आठवडाभर त्याच्या काठावर बसून आत फक्त शी केली.

त्यात हे दोघं एकमेकांना भरवतात. म्हणजे खाल्लेले दाणे परत वर काढून दुसऱ्याच्या चोचीत घालतात. नर-नरपण करतात, आरशाला भरवतात, माझ्या कानालापण एकदा भरवून झालंय. काकूंना मात्र ते बघून गहिवरून येतं, "नाहीतर आमचे हे, चहा घेतलास का एवढंपण विचारत नाहीत."

दुसरी जमात मिठूवाल्यांची. "मिठू मिठू बोलतो का?", लगेच पिंजऱ्यात हिरवी मिरची. यांच्यातलाच एखादा उंबऱ्यात उभा राहून हळूच म्हणतो की फॉरेस्टवाले येतील हां. अहो, आपला देशी पोपट पाळायला बंदी आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा, तो हा नव्हे. पण निम्मी गल्ली मला अजून गुन्हेगार समजते.

आणि आमचा हळद बोलतो बरं का. झालं असं की नॉनस्टिकचा तवा रिकामा जास्त तापला तर त्याचा जो धूर निघतो त्याने असले पक्षी मिनिटांत मरतात, हे मी कुठंतरी वाचलं आणि घरातला तवा अडगळीत टाकला, तो आईने दोनदा परत काढला, मग दिवसभर घरात माझं एकच चाललेलं, "आई गॅस बंद कर, गॅस बंद कर". महिन्याभरात हळद तेच म्हणायला लागला. पण हे बोलणं इतकं भराभर आणि पुटपुटल्यासारखं असतं की घरच्यांनाच कळतं. पाहुणे म्हणतात चिवचिव करतोय. फक्त आई अजून दचकून किचनमध्ये पळते.

२०२१ च्या पुरात मात्र कहर झाला. गावभागात पाणी शिरलं, बोट आली, लोकांनी कागदपत्रं घेतली, दागिने घेतले, मी पिंजरा घेतला. बोटीतले एक आजोबा बराच वेळ पिंजऱ्याकडे बघत होते, मग न राहवून म्हणाले, "पोरा, त्यास्नी पंख हायत की रं, त्यांनी कशाला जागा अडवायची?" बोटीत सगळे हसले, मीपण हसलो, भडंग फुगून बसला.

शेवटी मागच्या महिन्यात काकूंना मोबाईलवर निळ्या आणि तपकिरी नाकांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. त्या गप्पच झाल्या. म्हटलं आता वाईट वाटलं बहुतेक, इतकी वर्षं आशा लावून होत्या. तर एकदम म्हणाल्या, "म्हणजे दोघं भाऊ? एका घरात? आणि अजून भांडण नाही?" तशाच उठून काकांना बोलावून घेऊन आल्या. (काका आणि त्यांच्या धाकट्या भावाची रानाच्या वाटणीवरून तारीख चालू आहे, कितवी ते कोर्टालाच माहीत.) काकांना पिंजऱ्यासमोर उभं करून म्हणाल्या, "बघा जरा, शिका काहीतरी."

काका चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग मला विचारलं, "यांच्या नावावर काय आहे का पण?"