जोडणी शंभर टक्के, म्हणून ऊर्जादारिद्र्य शून्य?

‘गोव्यात घरोघरी वीज आहे, गॅस आहे, दरडोई वीजवापरही भरपूर, मग ऊर्जादारिद्र्य मोजायचं कशाला?’ असा संदेश बऱ्याच दिवसांपासून फिरतोय. पण ऊर्जादारिद्र्य म्हणजे रोजच्या कामांना पुरेल अशी, भरवशाची आणि परवडणारी ऊर्जा घरात नसणं; नुसती जोडणी नसणं नव्हे.

आधी वीज. जोडणीचा आकडा फक्त तार घरात आली एवढंच सांगतो. लाईनच्या टोकाच्या वाड्यावर (वस्तीवर) व्होल्टेज 230 वरून 170 वर उतरलं तर 2000 वॅटचा गिझर जेमतेम 1100 वॅट देतो आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर घुं-घुं करून बंद पडतो. म्हणून संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेजची नोंद निदान पंधरवडाभर घ्यावी. एकदा मे महिन्यात, एकदा झाडं लाईनवर पडतात त्या जुलैत.

खरी गोम गॅसमध्ये आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण स्वयंपाकाचं मुख्य इंधन विचारतं. उत्तर ‘गॅस’ येतं, आणि ते खोटं नसतं. पण न्हाणीतल्या भाणाखाली (पाणी तापवायच्या हंड्याखाली) चुडतं आणि सोडणं, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळाची सालं, जळत असतात, त्यांच्याबद्दल हा प्रश्न काहीच विचारत नाही. हिशेब करून बघा. पाच माणसांचं रोजचं 75 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला 6.3 मेगाज्यूल लागतात. शेगडीची कार्यक्षमता 60 टक्के धरली तर महिन्याला सात किलोच्या आसपास गॅस, म्हणजे 14.2 किलोचा अर्धा सिलिंडर नुसत्या आंघोळीत गेला! तेव्हा इंधन घरागणिक नव्हे, कामागणिक विचारायला हवं: भात कशावर, पाणी कशावर, जळण कोण आणतं, किती वेळ मोडतो. (कुळागरातली, म्हणजे स्वतःच्या माड-पोफळीच्या बागेतली, फुकटची चुडतं जाळणारा प्रत्येकजण गरीब नसतो, हेही खरं.)

दरडोई वापराचं काय सांगावं! वेर्णा-कुंडईचे कारखाने आणि किनाऱ्यावरची हॉटेलं सत्तरी तालुक्यातल्या घरांच्या नावावर मांडली की आकडा फुगणारच. फक्त घरगुती मीटर घ्या, आणि सरासरीऐवजी मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या घराचा आकडा) काढा. तिथंही सापळे आहेतच. बार्देश तालुक्यातले कुलूपबंद फ्लॅट शून्य युनिटमुळे गरीब ठरतात. उलट एकाच मीटरवरच्या तीन भाड्याच्या खोल्या सुखवस्तू घर भासतात, आणि चढत्या स्लॅबचा (जास्त युनिटना जास्त) दर बसतो तोही त्यांनाच.

राहिली जागेची गोष्ट. 2019-21 च्या त्या सर्वेक्षणात गोव्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोनच भाग आहेत. बार्देश आणि सत्तरी एकाच सरासरीत. तालुकावार आकडा हवा तर चूक पाच टक्क्यांच्या आत ठेवायला दर तालुक्याला सुमारे 400 घरं लागतात. वाडे निवडून त्यांतली शेजारशेजारची घरं घेतली तर ती एकमेकांसारखीच निघतात, म्हणून 600 धरा. तालुके बारा.