वाढपी आणि पहारेकरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

लग्नाच्या बुफेत मुलांना नीट जेवता यावे म्हणून काय करावे, या विषयावरील माझ्या लेखाखाली ‘दोन मुलांचा बाप’ अशी सही करून एका वाचकांनी प्रतिक्रिया लिहिली आहे. मी सोयीचे तेवढेच उचलले असा आरोप नको, म्हणून ती येथे पूर्ण देते.

“ताई, लेख वाचूनच पोट भरलं. लग्नाला जेवायला जायचं की पेपर सोडवायला? आधी रिकाम्या हाताने फेरी मारा, मग लहान ताटली घ्या, मग गोड शेवटी! लहान ताटलीचं संशोधन तर केव्हाच खोटं ठरलंय. तुमची मुलं प्रत्येक घास तुमच्या तोंडाकडे बघून घेत असतील. एक दिवस सोडा की पोरांना. आणि पंगतीचं एवढं कौतुक करता, तर पंगतीत कोणाला बसू देत नव्हते तेही लिहा. खरा प्रश्न रात्री दहाला जेवण लावणाऱ्यांचा आणि चाळीस पदार्थांत पोरांसाठी एकही साधा पदार्थ न ठेवणाऱ्यांचा आहे, पण त्यांना कोण बोलणार?”

पहिल्या वाक्यानंतर हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारी तीन पिवळी तोंडेही आहेत. ती येथे उतरवत नाही.

मला कोणी ताई म्हटले तर राग येत नाही. माझ्या वडिलांच्या हाताखालची सगळी वाढपी मुले मला ताईच म्हणत असत. परंतु ताई म्हणून हाक मारायची आणि लगेच पुढच्या वाक्यात जिची कधी भेटही झालेली नाही अशा बाईच्या मुलांविषयी निकाल द्यायचा, ही रीत मला माहीत नाही. मतभेद मांडायला भाषा पुष्कळ आहे. आपण त्यातील टिंगलीची निवडलीत, एवढेच नोंदवते.

लहान ताटलीच्या बाबतीत आपले म्हणणे मला मान्य आहे, निदान अर्धे. कॉर्नेल विद्यापीठातील ब्रायन वॉन्सिंक यांच्या संशोधनाचा मी आधार घेतला होता. भांडे मोठे असले की माणूस जास्त वाढून घेतो, असे सांगणारा त्यांचा २००५ सालचा निबंध ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकाने सप्टेंबर २०१८ मध्ये मागे घेतला, ‘जामा’च्या समूहातील नियतकालिकांनी त्यांचे आणखी पाच निबंध त्याच वेळी रद्द केले आणि वॉन्सिंक यांना विद्यापीठाचा राजीनामा द्यावा लागला. हे मला लिहिण्यापूर्वी तपासायला हवे होते. तो उल्लेख मी लेखातून काढला आहे. सल्ला मात्र काढलेला नाही, कारण त्याचे माझे कारण निराळे आहे. बुफेतले मेलामाइनचे मोठे ताट सहा वर्षांच्या मुलाला एका हाताने पेलत नाही. मग ते आईच्या हातात जाते, आणि ज्याच्या हातात ताट, तोच काय घ्यायचे ते ठरवतो. मूल आपले ताट स्वतः धरू शकले, तरच त्याची निवड त्याची राहते. आपण ज्या मोकळेपणाची बाजू घेता, तो या ताटलीपासूनच सुरू होतो.

आता त्या वाक्याकडे वळते. माझी मुले प्रत्येक घास माझ्या तोंडाकडे बघून घेत असतील, असे आपण लिहिता. हे आपण कशावरून ठरवलेत? माझे वडील मिरज भागात पस्तीस वर्षे आचारी होते. मी चुलाणाच्या धगीत वाढले आणि दहाव्या वर्षी मीठ-लिंबू वाढायला पंगतीत उतरले. हजार पानांचे जेवण कसे सरते, मुले कुठे रेंगाळतात, पानात काय टाकून उठतात, हे मी पुस्तकात वाचलेले नाही. पंगतीत डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाज्या येत. मग भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. त्यानंतर पुरी, मसालेभात, जिलबी आणि मठ्ठा. जिलबीची परात येईपर्यंत मुलाच्या पोटात वरणभात गेलेला असे. कोणीही त्याला “गोड शेवटी” असे बजावत नसे; वाढप्याच्या येण्याच्या क्रमातच ते बसवलेले होते. (पुढे जिलबीसाठी आग्रह होई आणि त्या आग्रहाने कित्येकांची पोटे बिघडत, हे मला कबूल आहे. पण मुलांना सहसा कोणी आग्रह करत नसे.)

बुफेत वाढपी उरला नाही. वडील शेवटची काही वर्षे बुफेची कामे घेत, तेव्हा ते स्वतःच सांगत असत की मंचुरियन, सूप आणि चाट दाराजवळ लावायचे, म्हणजे आलेला पाहुणा तिथेच थांबतो, निम्मा भरतो आणि पनीर पुरते. भुकेले मूल त्या दारातून आत शिरते. वरणभात कुठे आहे? अगदी टोकाला, पापडाच्या पलीकडे, झाकण घातलेल्या भांड्यात. रिकाम्या हाताने फेरी मारण्याचा अर्थ इतकाच आहे की मुलाला ते झाकण उघडून दाखवायचे. पहिली पाच मिनिटे आईबापांनी वाढप्याचे काम करावे, असे मी लिहिले होते. आपण त्याचा पहारेकरी केलात. पहारेकरी वस्तूपासून दूर ठेवतो. वाढपी वस्तू घेऊन येतो आणि पुढच्या पानाकडे निघून जातो.

आता माझ्याच घरचे सांगते, कारण आपण घरापर्यंत आला आहात. गेल्या मे महिन्यात सांगलीला माझ्या भाच्याच्या लग्नाचे रिसेप्शन होते. आठ वर्षांच्या मुलाने माझ्याबरोबर फेरी मारली आणि स्वतः ठरवून पाणीपुरी, मुगाची भजी, दहीभात आणि गुलाबजाम घेतला. मी भज्यांना नाही म्हटले नाही. तेरा वर्षांच्या मुलीने दोन गुलाबजाम घेतले होते. दुसरा अर्धा खाऊन झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिले आणि उरलेला अर्धा वाटीत ठेवून दिला. मी एक शब्द उच्चारला नव्हता. तिला पुरे झाले हे तिचे तिला कळले. याला घाबरून जेवणे म्हणत असतील, तर आपली आणि माझी मराठी वेगळी आहे.

गोडावर बंदी घाला, असे मी कुठेही लिहिलेले नाही. कृपया लेख पुन्हा वाचावा. बंदीने काय होते हे जेनिफर फिशर आणि लीॲन बर्च यांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर प्रयोग करून दाखवले आहे. जो खाऊ समोर असूनही ठरावीक वेळीच मिळत होता, त्याच खाऊकडे मुलांचे लक्ष अधिक लागले. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामाची वाटणीही मला ठाऊक आहे : काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने. आपल्यासारखे अनेक जण यातला दुसराच भाग लक्षात ठेवतात. बुफेत ‘काय’ हे केटररने ठरवलेले असते आणि ‘केव्हा’ मुहूर्ताने. मोठ्यांच्या वाट्याला जे थोडे उरते, तेवढेच मी मागते आहे.

“एक दिवस सोडा” याला एवढे उत्तर पुरे की तो एक दिवस नसतो. तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंत आमच्याकडे अकरा निमंत्रणे आली, वाढदिवस वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे वरून घातलेली साखर, मध, सरबते यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे साडेतेराशे किलोकॅलरी लागतात असे धरले, तर ही मर्यादा साधारण ३४ ग्रॅम साखरेची होते. कोलाच्या २०० मिलिलिटरच्या एका ग्लासात २० ग्रॅमहून अधिक साखर असते, म्हणजे निम्म्याहून जास्त हिशेब दारातच संपला. म्हणून आत गेल्यावर आधी पाणी द्या, असे मी लिहिले होते. त्यात पेपर सोडवण्यासारखे काय आहे, ते मला समजले नाही.

पंगतीतल्या भेदाविषयी आपण लिहिता ते खरे आहे, पण माझा लेख वाढण्याच्या क्रमाविषयी होता, आणि प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट यायलाच हवी असा आग्रह धरला तर कोणाला काही लिहिताच येणार नाही.

राहिला प्रश्न उशिरा जेवण लावणाऱ्यांचा आणि मुलांसाठी साधा पदार्थ न ठेवणाऱ्यांचा. यजमानांना आणि केटरर मंडळींना दोष देणे सोपे आहे. त्यांची बाजू मला घरातून माहीत आहे, आणि तो स्वतंत्र विषय आहे. रिसेप्शन रात्री असेल तर मी मुलांना संध्याकाळी सात वाजता मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि ताक देऊन नेते, म्हणजे ती दारातल्या मंचुरियनवर तुटून पडत नाहीत आणि दहा वाजेपर्यंत रडत नाहीत. हे मूळ लेखात लिहायचे राहून गेले होते. आज सकाळी तो परिच्छेद जोडला आहे. तो आपल्या प्रतिक्रियेमुळे जोडला असे मात्र समजू नये, टिपणात तो पहिल्यापासून होता.