सवलत द्या, पण आधी जाहीर करून

‘नियम सर्वांना सारखा, म्हणून निवड न्याय्य’ हे जिम्नॅस्टिक्सच्या संघनिवडीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आमच्या धुळ्यात पुतणीचा बीमचा (तोल सांभाळत कसरती करायच्या अरुंद दांड्याचा) सराव जमिनीवर टाकलेल्या फळीवर. स्पर्धेत तोच 10 सेंटिमीटर रुंदीचा बीम सव्वा मीटर उंच! चढल्या चढल्या पोरीचे पाय लटपटले.

आणि सवलती? 2023च्या आशियाई स्पर्धेसाठी जिम्नॅस्ट दीपा कर्माकर निवड चाचणीत पहिली आली, तरी मागच्या 12 महिन्यांच्या कामगिरीच्या निकषावर वगळली; त्याच स्पर्धेला दोन नामवंत कुस्तीगिरांना चाचणीविना प्रवेश. इकडेही दुखापतीच्या सर्टिफिकेटवर एकीला थेट संघात घेतलं, नियम मागाहून दाखवला. खरंच दुखापत असेल तर सवलत द्याच हो, पण कोणत्या जुन्या गुणांवर, ते चाचणीआधी फलकावर लावा.