मुलाखतीला जाताना पप्पांचा गाळा विसरून जा

सर्वप्रथम अभिनंदन. कॅटमध्ये तुम्हाला बरं पर्सेंटाइल मिळालं, एमबीएच्या दोन-तीन संस्थांची बोलावणी आली आणि सिडकोतल्या आत्याने 'नव्याण्णव टक्के पडले म्हणे' ही बातमी भावकीत पोचवलीसुद्धा. टक्के आणि पर्सेंटाइल यांतला फरक तिला समजावत बसू नका. तिला तो पटणार नाही, आणि पटलाच तर तुमचा भाव उतरेल.

आता राहिली मुलाखत. खरी पंचाईत इथेच आहे, कारण आजवर प्रवेश देताना तुम्हाला कुणी काही विचारलेलंच नाही. अकरावीला ऑनलाइन यादी लागली. इंजिनिअरिंगला सीईटी सेलचा ऑप्शन फॉर्म भरला, कॅप राउंडची वाट पाहिली, डोमिसाइल आणि नॉन-क्रीमीलेयरच्या झेरॉक्स जोडल्या, कॉलेज मिळालं. खिडकीपलीकडच्या माणसाने फक्त 'ओरिजिनल आणलंय का?' एवढंच विचारलं. अशा मुलासमोर एकविसाव्या वर्षी तीन प्राध्यापक बसतात आणि म्हणतात, 'तुमच्याबद्दल सांगा.' माणूस बावचळणारच. मीही बावचळलो, आणि त्या संस्थेत मला प्रवेश मिळाला नाही. त्यामुळे सल्ला द्यायचा पूर्ण अधिकार आता माझ्याकडे आहे.

आधी क्लास लावा. क्लासशिवाय गेलात तर स्वतःबद्दल खरं बोलून बसण्याचा धोका असतो. मी नाशिकच्या कॉलेज रोडला लावला होता. पहिल्याच दिवशी सरांनी माझी माहिती एका कागदावर लिहून मागितली. मी लिहिलं: वडिलांचा सातपूर एमआयडीसीत गाळा, दोन लेथ मशीन, जॉबवर्क. आई घरी ब्लाउज शिवते. सरांनी लाल पेन काढलं. पप्पांच्या गाळ्याचा 'प्रिसिजन इंजिनिअरिंगमधला कौटुंबिक उद्योग' झाला आणि आईच्या शिलाई मशीनचं 'गृहाधारित उद्योजकता'. दोन लेथपैकी एक राजकोटचं जुनं आहे आणि दुसरं त्याहून जुनं, हे मी सांगणार होतो. सर म्हणाले, 'ते लेगसी म्हणून सांगता येईल, पण नकोच.'

एवढं वाढवून सांगायची लाज वाटत असेल तर एखाद्या रविवारी पांडवलेणीला जाऊन या. मिसळ खाऊन पायऱ्या चढलात तर उत्तम, दम लागतो आणि अहंकार कमी होतो. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती भिंतीवर कोरून घेतली आहे. शक, यवन आणि पल्हवांचा निःपात करणारा. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं आहे असा. मुख पूर्णचंद्रासारखं, चाल उत्तम हत्तीसारखी. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावरही आईच्या सेवेत कधी खंड न पडू देणारा. मुलगा तेव्हा हयातही नव्हता. नातू पुळुमावीच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष चालू होतं. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. नाशिकचं हे पहिलं शिफारसपत्र अठराशेहून जास्त वर्षं पावसापाण्यात टिकून आहे. त्या बाईला कुठल्या पॅनेलने 'घोड्यांचं एखादं उदाहरण देऊ शकाल का?' असं विचारल्याची नोंद मात्र नाही. ती सोय फक्त तुमच्या वाट्याला येणार आहे.

'तुमच्या शहराबद्दल सांगा' हा प्रश्न ठरलेला. त्यासाठी एक पान पाठ करा. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, लांबी १,४६५ किलोमीटर. सिंहस्थ बारा वर्षांनी, मागचा २०१५ ला. ओझरला विमानं, नाशिकरोडला नोटा, लासलगावला कांदा, येवल्याला पैठणी. सुरुवात शूर्पणखेच्या नाकाने करू नका. नाशिकहून आलेला प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो आणि दुपारपर्यंत पॅनेलसमोर ते नाक चार वेळा कापून झालेलं असतं. बाकी हे पान म्हणताना गोदावरीत आज पाणी किती आहे याचा विचार मनात आणू नका, गडबड होते.

चालू घडामोडी मात्र करायच्याच. रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट दोन दशांश स्थळांपर्यंत, पतधोरण समितीचे सदस्य सहा, महागाईचा ताजा आकडा. मी रोज सकाळी गच्चीवर फेऱ्या मारत हे घोकायचो. खाली पप्पा स्कूटरला किक मारत असायचे आणि ओरडून विचारायचे, 'गाळ्यावर येतोस का? आज पोऱ्या आला नाहीये.' मी वरून हातानेच नाही म्हणायचो. अर्थव्यवस्थेचा अभ्यास चालू असताना असले व्यत्यय येतातच, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

आता कपडे. बूट मेनरोडवरून नवे घ्या आणि थेट मुलाखतीच्या दिवशीच घाला, म्हणजे टाच सोलवटते आणि चेहऱ्यावर आपोआप गांभीर्य येतं. टायची गाठ घरात कुणालाच येत नसते. आमच्या शेजारचे काका पूर्वी औषध कंपनीत एमआर होते. त्यांनी स्वतःच्या गळ्यात गाठ मारली, सैल केली, डोक्यावरून काढली आणि फास तसाच माझ्या हातात दिला. 'सोडू नको, नाहीतर परत यावं लागेल,' म्हणाले. दोन दिवस तो टाय देवघराशेजारच्या खिळ्याला लटकत होता. आई उदबत्ती ओवाळताना त्याच्यावरूनही एक फेरा काढायची.

ब्लेझर भाड्याने आणा. लग्नाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात मिळतो. फक्त आणल्यावर खिसे तपासा. मी तपासले नव्हते. पॅनेलसमोर बसल्या बसल्या घाम पुसायला रुमाल काढला, तर त्याच्याबरोबर आधीच्या नवरदेवाच्या अक्षता टेबलावर सांडल्या. चांगल्या कुंकू लावलेल्या, दहा-बारा दाणे. त्यांतला एक दाणा घरंगळत मधल्या प्राध्यापकांच्या चहाच्या कपापाशी जाऊन थांबला. त्यांनी तो चिमटीत धरून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, 'आपण विवाहित आहात का?' क्लासमध्ये या प्रश्नाचं उत्तर करून घेतलेलं नव्हतं.

पण मी फारच पुढे गेलो. आधी मुंबईला पोचायचं आहे. पंचवटी एक्सप्रेस धरा, सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघते. गाडीत पासवाल्यांचे ग्रुप असतात, त्यांच्या जागेवर बसू नका. मुलाखतीच्या आधीच मुलाखत व्हायची. मी कसारा घाट उतरेपर्यंत टाय खिशात ठेवला होता. समोरच्या काकांनी विचारलं, 'इंटरव्ह्यू? कुठल्या कंपनीत?' मी म्हटलं, कॉलेजमध्ये. ते म्हणाले, 'म्हणजे पैसे आपणच भरायचे आणि इंटरव्ह्यूपण आपणच द्यायचा?' अशा नकारात्मक माणसांपासून लांब राहा.

गटचर्चा असेल तर फार बोलण्यासारखं काही नाही. आठवडे बाजारात कोथिंबीर विकलेल्या माणसाला तिची तयारी करावी लागत नाही. 'मला इथे एक मुद्दा जोडावासा वाटतो' असं म्हणून आधीच्याचाच मुद्दा मोठ्या आवाजात सांगायचा.

खरी परीक्षा बाहेरच्या खुर्च्यांवर असते. माझ्या शेजारी निफाडची एक मुलगी होती. तिने कुठलाच क्लास लावला नव्हता. फॉर्मवर सरळ लिहिलं होतं, वडिलांची द्राक्षबाग, तीन एकर. मला तिची कीव आली. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे भरलेले. 'अरे, सगळं बागेचंच विचारलं,' ती म्हणाली. 'पीक एकदाच येतं तर छाटणी दोनदा का करता, म्हणे. मग एप्रिलची खरड छाटणी सांगितली, तेव्हा नव्या काड्या तयार होतात आणि त्यांतच पुढच्या घडांचं ठरतं. मग ऑक्टोबरची सांगितली, ती फळासाठी. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला तर डावणी रोग कसा येतो तेही विचारलं. मग व्यापारी सौदा करून माल नेतो आणि पैसे द्यायच्या वेळी फोन बंद करतो, तेव्हा तुम्ही काय करता, म्हणे. त्यावरच दहा मिनिटं गेली. रेपो रेट विचारलाच नाही रे. गेली माझी सीट!'

मी तिला धीर दिला. मनातून बरंही वाटलं, एक प्रतिस्पर्धी कमी झाली. पुढे तिला त्याच संस्थेत प्रवेश मिळाल्याचं कळलं. अशी अपवादात्मक उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवून स्वतःची तयारी बिघडवून घेऊ नका.

माझं नाव पुकारलं. अक्षतांचा प्रसंग वर सांगितलाच. त्यानंतर मी सावरलो आणि शिकवल्याप्रमाणे तिघांकडे समान बघत, टेबल फॅनसारखी मान फिरवत, स्वतःची ओळख म्हणून दाखवली. इंग्रजीत, एक मिनिट चाळीस सेकंद. 'प्रिसिजन इंजिनिअरिंगमधला कौटुंबिक उद्योग' या शब्दांवर डावीकडच्या मॅडमनी मान वर केली. तोवर त्या काहीतरी लिहीत होत्या.

'काय बनवता तुम्ही?'

मी म्हटलं, 'कंपोनंट्स.'

'कसले?'

इथे गोम आहे. आम्ही बुश बनवतो, म्हणजे यंत्रात दांड्याभोवती बसणारी छोटी नळकांडी. लहानपणापासून मी त्या बुशच्या क्रेटवर बसून डबा खाल्लाय. पण हा शब्द मी फक्त पप्पांच्या आणि पोऱ्याच्या तोंडून ऐकलेला. तो सातपूरचा शब्द आहे, इंग्रजीत याला काहीतरी वेगळं म्हणत असणार, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. म्हणून मी म्हणालो, 'सिलिंड्रिकल कंपोनंट्स.'

'म्हणजे बुश?' मॅडम म्हणाल्या.

मी होय म्हटलं.

'एका बुशला काय रेट मिळतो?'

मला माहीत नव्हतं. रेपो रेट येत होता.

'बरं. पैसे किती दिवसांनी मिळतात?'

हे मात्र मला येत होतं. मी खेळत्या भांडवलाची व्याख्या सांगितली, चालू मालमत्ता वजा चालू देणी, अगदी पुस्तकातल्यासारखी. मॅडम शांतपणे म्हणाल्या, 'व्याख्या नाही विचारली. तुमच्या वडिलांना पैसे किती दिवसांनी मिळतात?' मग त्यांनीच सांगितलं की लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे, माल घेतल्यावर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. मी अशी मान हलवली की जणू पप्पांना पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी चेक मिळतो.

आमच्याकडे या गोष्टीचं नाव खेळतं भांडवल नाही. आमच्याकडे त्याला 'पार्टीकडे अडकलेत' म्हणतात. जेवताना पप्पा म्हणतात, 'परत नव्वद दिवसांवर ढकललं त्याने,' आणि आई वाढलेली पोळी तशीच हातात धरून थांबते. हे मी शेकडो वेळा ऐकलंय. बहुतेक वेळा कानात इअरफोन घालून, कारण नेमकं तेव्हाच मी कॅटचे व्हिडिओ बघत असायचो.

शेवटचा प्रश्न उजवीकडच्या सरांनी विचारला: एमबीए का करायचंय? मी म्हटलं, 'वडिलांचा उद्योग पुढे न्यायचाय.' तिघांनीही एकदम कागद खाली ठेवले. 'थँक यू,' मॅडम म्हणाल्या. 'अक्षता घेऊन जा.'

एक सूचना राहिली. परत येताना वडिलांना स्टेशनवर बोलावू नका. रिक्षाने घरी या. मी ही चूक केली. रात्री दहाच्या सुमारास नाशिकरोडला उतरलो, तर पप्पा गाळ्यावरून तसेच आले होते, शर्टाला कूलंटचा वास. द्वारका चौकापर्यंत काही बोलले नाहीत. सिग्नलला स्कूटर थांबवली आणि मान न वळवता विचारलं, 'काय विचारलं?'

'तुमचा रेट विचारला. एका बुशला किती मिळतात.'

'मग?'

'मला नाही सांगता आला.'

'फोन करायचा ना,' पप्पा म्हणाले. 'चार रुपये वीस पैसे. ड्रिलिंग धरून.' मग थोड्या वेळाने, 'त्या कोटाचं भाडं किती झालं?'

'आठशे चाळीस. दोन दिवसांचं.'

'दोनशे बुश,' ते म्हणाले, आणि सिग्नल सुटला.