कडी

नागनाथ पारापाशी, अमृततुल्यच्या बाहेर, नेहमीचेच आम्ही. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचारानंतर पप्याचे दिवस पालटले असं म्हणायला घाण वाटतं, पण खरं आहे. ऑगस्ट 2024चा तो शाळांत कॅमेरे सक्तीचे करणारा जीआर निघाला आणि त्याचं सीसीटीव्हीचं दुकान धावायला लागलं. तेव्हापासून शाळांचा विषय निघाला की पप्या तज्ज्ञ.

"सोळा चॅनलचा डीव्हीआर, नाइट व्हिजन, महिन्याभराचं रेकॉर्डिंग. विषय संपला," पप्या म्हणाला. कानातलं ब्लूटूथ तसंच. झोपतानाही काढत नसावा.

अनघा एम.एड.च्या प्रबंधाला शाळेतली सुरक्षितता घेऊन बसलीय. तिने विचारलं, "फुटेज बघतं कोण?"

"मुख्याध्यापक. जीआरमध्येच आहे. आठवड्यातून निदान तीनदा."

"म्हणजे शालार्थवर पगाराची बिलं, यूडायसवर शाळेची माहिती, खिचडीचे तांदूळ आणि इलेक्शन ड्युटी उरकली की त्यांनी सोळा खिडक्या बघायच्या. बरं."

काकांनी घसा खाकरला. काका म्हणजे आमच्याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. "आमच्या वेळी कॅमेरे नव्हते. धाक होता."

"धाक होता म्हणूनच कुणी येऊन काही सांगत नव्हतं, काका."

काका कपात बघायला लागले. पण शिवाने त्यांना सोडलं नाही. (शिवा शाळेची रिक्षा चालवतो.) "काका, ते लाल नळकांडं तुमच्या केबिनच्या कपाटात असायचं ना? कुलपात?"

"पोरं पिन ओढायची रे! एकदा व्हरांडाभर पांढरी पावडर."

"आणि किल्ली?"

"शिपायाकडे."

"शिपाई?"

"...बँकेत गेलेला असायचा."

अमृततुल्यवालासुद्धा हसला. अनघा मात्र तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेवर गेली. 2004, गवताचं छप्पर, स्वयंपाकघरातून पेटलेली आग, 94 मुलं गेली. "त्यावरच्या निकालात 2009 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, प्रत्येक शाळेत अग्निशामक नळकांडं हवंच. कपाटात हवं असं नाही सांगितलं."

पप्या पुन्हा उसळला, "अगं पण पुरावा लागतो की नाही?" हे मात्र त्याचं खरं होतं.

"लागतो, घडून गेल्यावर. मी घडायच्या आधीचं शोधतेय," असं म्हणत तिने पर्समधून चौघडी घातलेला कागद काढला आणि शिवाच्या रिक्षाच्या सीटवर पसरला. शाळेचा नकाशा, झेरॉक्स. सहावीच्या मुलींना तिने लाल स्केचपेन दिलं होतं, जिथे भीती वाटते तिथे ठिपका द्या म्हणून. मला वाटलं होतं, गेट, नाहीतर जिना. जिन्यावर दोन ठिपके होते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तिसऱ्या दारावर इतके, की कागद पेनाने भिजून फाटला होता.

"तिथे काय आहे?"

"काही नाही, तेच तर. आतून कडी नाही. एक आत जाते, दुसरी बाहेरून दार धरते. दार धरणारी मैत्रीण त्या दिवशी आली नसेल तर मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग शिवाने विचारलं, "कडी केवढ्याची असते?" आणि सगळ्यांनी पप्याकडे पाहिलं.

"टॉयलेटमध्ये कॅमेरा लावता येत नाही," पप्या म्हणाला.

"अर्धा तास हेच सांगतेय मी!"

मग तिने अपघात नोंदवहीचं सांगितलं. त्या शाळेत अख्ख्या वर्षात एकही पोरगं पडलेलं नाही, वही कोरी.

"मग त्या शाळेत पोरंच नसतील," शिवा म्हणाला.

"तू बोलू नकोस. रिक्षात किती कोंबतोस?"

"मावतात तेवढीच घेतो."

"ए, नोंदवहीवरून आठवलं," पप्याने ब्लूटूथ काढलं, म्हणजे मामला गंभीर. "नववीत ह्या शिव्याने मला जिन्यावरून ढकललं. पुढचा दात गेला. त्याची नोंद आहे का कुठे?"

"आहे की," काका एकदम ताठ बसले. "मी स्वतः केली होती. 'विद्यार्थी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडला.'"

अनघा इतकी हसली की नकाशावर चहा सांडला. पप्या पंचवीस वर्षं उशिरा फुटेज मागत होता. चहाचे पैसे शिवाने दिले. दाताचा पहिला हप्ता म्हणाला.