"म्हाताऱ्यांसाठी आहे, उंच बांधू द्या की" या फॉरवर्डला उत्तर

सध्या सोलापूरच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा, की विमानतळ आहे त्या होटगी रोडच्या बाजूला ज्येष्ठांसाठी मोठा प्रोजेक्ट होणार आहे, पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला आणि आईबाप इथं एकटे, त्यांची सोय होईल, तर महापालिकेनं उंचीच्या नियमात सूट द्यावी, आयुक्तांच्या एका सहीचं काम आहे, विमानांना आडवी येणारी साखर कारखान्याची चिमणी पडल्यापासून विमानाचाही प्रश्न उरला नाही, उंची मिळाली की फ्लॅट स्वस्त होतील, आणि जो विरोध करेल तो म्हाताऱ्यांचा वैरी. प्रोजेक्ट व्हावा असं मलापण वाटतं, गरज आहेच. पण सूट मागायला जी कारणं दिलीत त्यातलं एकपण टिकत नाही.

पहिलं, चिमणीचं. 15 जून 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची को-जनची (वीजनिर्मितीची) चिमणी पाडली, 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं, इथपर्यंत बरोबर. पण चिमणी पडली म्हणजे उंचीची मर्यादा उठली हे कुणी सांगितलं? उलट आता विमानं खरोखर उतरतायत म्हणून ती मर्यादा जास्त कडक पाळली जाणार. विमानतळाच्या आसपास किती उंच बांधायचं हे केंद्राच्या 2015 च्या नियमांनी ठरतं आणि एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, विमानतळ प्राधिकरणाची लागते. त्यात उंची समुद्रसपाटीपासून धरतात, म्हणजे प्लॉट उंचवट्यावर असला तर बिल्डिंगच्या वाट्याला तेवढी कमी उंची येते, आणि वरची पाण्याची टाकी, लिफ्टची मशीनरूम, अँटेना सगळं त्यात मोजतात. ही सूट आयुक्तांच्या हातातच नाही. आख्ख्या गावानं एका चिमणीपायी इतकी वर्षं भांडण बघितलं, कोर्टकचेऱ्या बघितल्या, आणि आता म्हणे काही प्रश्न उरला नाही.

"एका सहीचं काम" याबद्दल. 2020 च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, आयुक्तांना सवलतीचा अधिकार आहे, नाही असं नाही. पण तो खरीच अडचण दाखवता आली तर, आणि आरोग्य, आग, बांधकामाची मजबुती, आजूबाजूच्यांची सुरक्षा याला धक्का लागत नसेल तरच. जास्त मजले विकायचेत ही अडचण होत नाही बे.

स्वस्ताईचं गणित तर उलटंच आहे. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधकाम करता येतं ते प्रमाण, उंचीनं वाढत नाही, तो प्लॉट आणि रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, आणि वरच्या त्या अडचणीच्या सवलतीत एफएसआय बसतच नाही. म्हणजे तेवढंच बांधकाम, फक्त उभं. (विरोधवाल्यांचाही एक मेसेज आहे, उंची वाढली की दुप्पट माणसं येणार म्हणून, तोपण तितकाच फुसका.) आणि उंच गेलं की साइड मार्जिन (बाजूला मोकळी सोडायची जागा) वाढतं, आगीचे पंप, टाक्या, जास्तीचे जिने, जनरेटर, सगळं वाढतं आणि महिन्याचा मेंटेनन्सपण, तो पेन्शनीतून. बिल्डरला मात्र फ्लोअर राइज लावता येतो, जितका वरचा मजला तितका चढा रेट. फायदा कुणाचा ते समजून घ्या.

आता खरा मुद्दा, "लिफ्ट असते की, मग काय प्रॉब्लेम". आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये 15 मीटरपासून बिल्डिंग हायराईज धरतात, कारण तिथून पुढं माणसं बाहेर काढायचं काम वेगळं होतं. तरुण माणूस नऊ-दहा मजले पळत उतरेल. गुडघे बदललेली, वॉकरवाली, ऑक्सिजनवर असलेली माणसं जिन्यानं कशी उतरणार, आणि तीही एकाच वेळी सगळी? रात्रपाळीला दोन-तीन अटेंडंट असतील तर ते कुणाकुणाला उचलणार? रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीत थांबायला मधल्या मजल्यावर सोडलेली जागा, असतो मान्य, पण तिथं थांबायचं म्हणजे फायर ब्रिगेड वर येईपर्यंत थांबायचं. 18 मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली, 8 माणसं गेली, आत राहणाऱ्यांना बाहेर काढता आलं नाही. ती बिल्डिंग काही टॉवर नव्हती ओ.

महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) 2024 च्या ज्येष्ठांच्या घरांच्या नियमांत एका मजल्यापेक्षा जास्त असेल तर लिफ्ट सक्तीची आहे, 900 मिलिमीटरचे दरवाजे, जिन्याला दोन्ही बाजूला कठडे, बाथरूममध्ये अलार्म हे सगळं आहे. म्हणजे म्हातारं माणूस जिन्यापाशी अडतं हे नियम करणाऱ्यांना माहीतच आहे. आणि रोजचं बघा, आमच्या अपार्टमेंटची लिफ्ट बंद पडली की वडील खाली वॉचमनच्या खुर्चीत बसून राहतात, ती सुरू होईपर्यंत. उन्हाळ्यात 43-44 डिग्री असताना लाइट गेली तर सगळ्यात वरच्या मजल्यावर काय हाल होतील ते वेगळं सांगायला नको, आणि "वर हवा गार असते" लिहिणाऱ्यानं मे महिन्यात स्लॅबखालच्या फ्लॅटमध्ये एक दुपार काढावी.

एक मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. ठेंगणं बांधायचं तर जागा जास्त लागते, तेवढी जागा गावाबाहेर मिळते, आणि बाहेर गेलं की हॉस्पिटल लांब पडतं. ही अडचण खरी आहे. पण मग मागायची ती गोष्ट वेगळी, चोवीस तास अँब्युलन्स, आत नर्स, स्ट्रेचर आडवं मावेल एवढी लिफ्ट, तीन-चार मजल्यांच्या सुट्या बिल्डिंगा. यासाठी उंचीची सूट कशाला पाहिजे?

आणि म्हाताऱ्यांचे वैरी म्हणता, तर प्रोजेक्टवाल्यांना दोन कागद ग्रुपवर टाकायला सांगा, विमानतळाची एनओसी आणि रात्री तीन वाजता सगळ्यांना खाली कसं आणणार त्याचा प्लॅन. मग सवलतीचं बोलू.