खुलासा: उथळ स्कूबातही श्वास रोखू नका

मालवणला स्कूबासाठी (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्यासाठी) निघालेल्या सांगलीकरांत एक सल्ला फिरतोय: ‘५ मीटर तर खोली, कृष्णेत बुडी मारता तसा दम धरा, मासे बुजत नाहीत.’ हे जिवावर बेतू शकतं. नदीत छातीत काठावर घेतलेली हवा असते, स्कूबात टाकीतून येणारी, भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची. ५ मीटरवर दाब दीडपट, त्यामुळे तिथे भरून घेतलेली हवा वर येताना दीडपट फुगू पाहते. दम धरून जेमतेम दीड मीटर वर आलात तरी फुफ्फुस फाटू शकतं. श्वास संथ, पण अखंड चालू हवा. बुडबुड्यांनी काही मासे सरकतीलही. खरे बुजतात ते हातपाय झाडल्याने, पाठलागाने. उतरताना कान दुखायच्या आधीच नाक दाबून हलकेच फुंकत ते मोकळे करा. सर्दी असेल तर उतरूच नका.